युवदीया, सुंतुखे आणि मी

रविवार, रात्री साडेनऊ
सुदामानगर, इंदूर

आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) प्रभुभोजनाचा, ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा दिवस. गेल्या दोन महिन्यांत मी प्रभूच्या मेजापाशी गेले नव्हते; दोन्ही वेळा मागच्या बाकावर मान खाली घालून बसून राहिले. आज गेले. ते कसे घडले, हे मनात ताजे असतानाच लिहून ठेवावेसे वाटते.

लग्न होऊन नगरहून इंदूरला आले, त्याला ११ वर्षे झाली. (माझ्या माहेरच्या शहराला आता जिचे नाव मिळाले आहे, ती अहिल्याबाईही नगर जिल्ह्यातील चौंडीहून होळकरांची सून होऊन माळव्यात आली होती, पहिल्या वर्षी या आठवणीचा मला फार आधार वाटे.) नगरच्या मंडळीत मी टाळ-पेटीच्या साथीवर ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने गात वाढले. इथे शेजारी मराठी माणसे पुष्कळ आहेत, पण उपासना हिंदीत होते. त्यामुळे असेल किंवा माझ्या अधीर स्वभावामुळे असेल, पहिल्या आठ वर्षांत मी तीन मंडळ्या सोडल्या. एकीकडे उपदेश लांबत असे, दुसरीकडे गाण्यांचा गजर मला सोसवत नसे, तिसरीकडे कोणी तरी लागट बोलले. देव काही एकाच इमारतीत राहत नाही, असे म्हणून मी बाहेर पडत असे, आणि ते खरेच आहे. पण त्या आठ वर्षांत माझी प्रार्थना होती तिथेच राहिली, कारण माझा राग, माझा हट्ट आणि माझे रुसणे कोणाच्या ध्यानात येईल इतके दिवस मी कोठे थांबलेच नाही.

तीन वर्षांपूर्वी मी नगरहून सभासदत्वाचे पत्र मागवले आणि इथल्या नोंदवहीत नाव घातले. तेव्हापासून एखादा रविवार चुकला की सोमवारी कोणाचा तरी फोन येतो. महिला मंडळाने आजारी सभासदांच्या भेटीची पाळी माझ्याकडे दिली. हिंदीत ‘कलीसिया’ म्हणतात, तो मूळ ग्रीक शब्दाचाच अवतार आहे. आपल्या मराठीत मात्र ‘मंडळी’ हा शब्द घरच्या माणसांसाठीही चालतो, पंगतीला बसलेल्यांसाठीही चालतो, आणि घरच्या माणसांची निवड आपण केलेली नसते.

नाताळच्या तालमीत मी एक मराठी भजन सुचवले. गायनवृंदातील ज्येष्ठ बाई सर्वांसमोर म्हणाल्या की इथे हिंदी चालते, ज्यांना मराठी हवे त्यांनी ते घरी गावे. मी जे उत्तर दिले ते इथे लिहिण्यासारखे नाही. घरी येऊन मी यजमानांना सांगितले की आता पाचवी मंडळी शोधू या. ते इतकेच म्हणाले, “शोध, पण पत्र या वेळी तू स्वतः माग.” ते पत्र मागायला माझा हात उचलला नाही.

त्या दिवसांत मला टिळक वारंवार आठवत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशन सोडले, तर मी का सोडू नये, असा माझा युक्तिवाद होता. पण तो टिकेना. टिळकांनी मिशन सोडले ते ‘देवाचा दरबार’ उभारण्यासाठी, जिथे बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत. त्यांना अधिक माणसे हवी होती आणि मला एक माणूस नको होते.

आमची मंडळी ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे, त्याची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून झाली. त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे आणि प्रौढपणी विश्वास कबूल केल्यावरच तो देणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक त्यांत होते, आणि शेवटी दोन्ही रीती मान्य करून ते एकत्र आले. त्यासाठी ४१ वर्षे लागली. मी एका भजनावरून तीन आठवड्यांत उठून जाणार होते.

बायबलमधील, प्रेषित पौलाने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय मी अनेकदा वाचला आहे, पण युवदीया आणि सुंतुखे यांच्याजवळ जानेवारीत पहिल्यांदा थांबले. नदीकाठी प्रार्थनेला जमणाऱ्या स्त्रियांपासून ज्या मंडळीची सुरुवात झाली, तिथल्या या दोन स्त्रिया सुवार्तेसाठी पौलाच्या बरोबरीने झटलेल्या होत्या, आणि त्यांचे बिनसले होते. कशावरून, ते पौल लिहीत नाही. कोणाचे चुकले, तेही लिहीत नाही. तो बंदिवासातून दोघींना वेगवेगळी विनंती करतो, एका सोबत्याला त्यांच्या मदतीला जायला सांगतो, आणि लगेच आपल्या सहकाऱ्यांची नावे जीवनाच्या पुस्तकात असल्याचे लिहितो. माझ्याबरोबर त्या बाईंचेही नाव एकाच नोंदवहीत आहे, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

फेब्रुवारीत त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. मुलगा परगावी. भेटीची पाळी माझी होती. मी गेले ती केवळ यादीत नाव होते म्हणून. प्रीती वगैरे मनात काही नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदवते. डोळ्यांत थेंब घालायचे आणि थोडे पवित्र शास्त्र वाचून दाखवायचे, एवढेच काम. त्यांनी बायबलच्या स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ ही १५ आरोहणस्तोत्रे (यात्रेकरूंची गीते) क्रमाने वाचायला सांगितली, आणि डोळे मिटून माझे हिंदी उच्चार सुधारू लागल्या. पहिले चार दिवस मला त्याचा फार राग आला. पाचव्या दिवशी वाचून झाल्यावर मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी तालमीचा विषय काढला नाही, क्षमा केली असेही म्हणाल्या नाहीत. “बेटा, चाय पीकर जाना” म्हणाल्या आणि स्वतः चाचपडत स्वयंपाकघरात गेल्या. मी त्यांच्या मागोमाग जाऊन गॅस पेटवला.

मराठी भजन अजून उपासनेत झालेले नाही. ते व्हावे असे मला आजही वाटते आणि पाळकसाहेबांना मी तसे पुन्हा सांगणार आहे. आज त्या काळा चष्मा लावून आल्या होत्या. मेजापाशी जाताना पायरी दिसेना म्हणून त्यांनी माझा दंड धरला, आणि आम्ही शेजारी गुडघे टेकले.

स्तोत्रे एकदा वाचून संपली, म्हणून परवापासून आम्ही पुन्हा पहिल्यापासून धरली आहेत. उद्या सकाळी आठला थेंब घालायचे आहेत, आणि १२२ वे स्तोत्र.