डिस्प्ले गेलेला फोन आणि तासगावची द्राक्षं

फुटलेला फोन काउंटरवर ठेवला की गिऱ्हाईक आधी विचारतं, ‘डिस्प्लेचे किती होतील?’ मी विचारतो, ‘आतलं काही हवंय का?’ डिस्प्ले गेला म्हणजे फोन गेला असं नसतं. काच काळी पडलेली असते, पण बोर्ड जिवंत असतो. अलार्म वाजतो, फोन लावला तर रिंग जाते, मेसेज येऊन पडत असतात. दिसत मात्र काहीच नाही.

सांगलीत विश्रामबागला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. रोजचं काम म्हणजे चार्जिंग जॅक, बॅटरी, फोल्डर (आमच्या भाषेत काच-टचसकट अख्खा डिस्प्ले). त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. एक गोष्ट मात्र बाहेरच्यांना माहीत नसते. पूर्ण मेलेल्या डिस्प्लेपेक्षा अर्धवट मेलेला वाईट. त्याचा टच आपोआप चालतो, फोन स्वतःच चुकीचे पिन टाकत बसतो आणि दर चुकीमागं थांबायचा वेळ वाढत जातो. म्हणून असा फोन आला की मी आधी मागचं झाकण काढून डिस्प्लेची पट्टी, म्हणजे चपटी केबल, बोर्डावरून सोडवतो. गप्पा नंतर.

फेब्रुवारीतली गोष्ट. तासगाव तालुक्यातल्या मणेराजुरीकडचे एक द्राक्ष बागायतदार दुपारी दुकानात आले. फवारणी करताना फोन खिशातून पडला आणि ट्रॅक्टरचं चाक त्याच्या कडेवरून गेलं होतं. फ्रेम वाकलेली, काच चुरा. त्यांना डिस्प्लेचा भाव नकोच होता. म्हणाले, “फोन गेला तर जाऊ दे. फोटू तेवढं काढून द्या. उद्या सकाळी कंपनीचा माणूस बागंत येणार हाय.”

त्यांचा माल युरोपला जाणार होता. त्यासाठी कुठलं औषध कुठल्या तारखेला मारलं, किती मारलं, शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत किती दिवस गेले, या सगळ्याची नोंद लागते. एका औषधाचा पीएचआय, म्हणजे हेच दिवसांचं अंतर, चुकला आणि मालात रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, सापडला तर अख्खा प्लॉट लोकल बाजारात द्यावा लागतो. काका दर फवारणीला बाटलीच्या लेबलचा फोटो काढायचे आणि वहीत तारीख लिहून त्या पानाचाही काढायचे. वही फवारणीच्या ब्लोअरजवळ भिजून गेली होती. उरले फक्त फोटो. गूगलचा फुकटचा १५ जीबी कधीच भरला होता, त्यामुळं बॅकअप बंद.

मी पट्टी सोडवत होतो तेवढ्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला. त्याचाही डिस्प्ले गेलेला, जिन्यावरून पडून. फोन महागातला. असाइनमेंट आत अडकली होती. त्याचं काम दोन मिनिटांचं होतं, म्हणून काकांना विचारून आधी घेतलं.

माझ्याकडं एक हब आहे. एका बाजूला सी टाइप पिन, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय आणि दोन यूएसबी. एचडीएमआय मॉनिटरला, यूएसबीत माऊस, पिन फोनला. क्षणभर मॉनिटर काळा झाला आणि फोनची लॉकस्क्रीन वर आली. पूर्ण मॉनिटरभर नाही, मधोमध एक उभी पट्टी. हे गणित मला फार आवडतं. त्याच्या फोनची स्क्रीन १०८० बाय २४०० पिक्सेलची, माझा मॉनिटर १९२० बाय १०८०. फोनची २४०० ची उंची मॉनिटरच्या १०८० मध्ये बसवायची तर रुंदी ४८६ वर येते, म्हणजे मॉनिटरचा जेमतेम चौथा हिस्सा. बाकी दोन्हीकडं काळोख. त्या चिंचोळ्या पट्टीत मुलानं माऊसनं पॅटर्न ओढला, फायली मेल केल्या आणि डिस्प्लेची ऑर्डर देऊन गेला.

काका सगळं बघत होते. म्हणाले, “आवं, मग तीच वायर माझ्या फोनला बी लावा की.”

त्यांच्या फोनलाही सी टाइपचंच भोक होतं. काय होणार ते मला माहीत होतं, पण न लावता सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. लावलं. माऊसचा दिवा लागला, फोन थरथरला. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’.

“भोक तर सारखंच हाय न्हवं?”

भोक सारखंच. त्या भोकात २४ पिना बसतात. चार्जिंगला आणि साध्या डेटाला त्यातल्या मोजक्याच लागतात. चित्र बाहेर काढायचं तर वेगवान जोड्या लागतात, आणि त्या जोड्यांवर डिस्प्लेपोर्टचा सिग्नल टाकणारा भाग फोनच्या मुख्य चिपमध्ये असावा लागतो. याला डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड म्हणतात. हे तंत्र २०१४ पासून आहे. स्वस्त फोनमध्ये कंपनी सी टाइपचा जॅक बसवते, पण मागं यूएसबी २.० च्याच तारा जोडते, ४८० एमबीपीएसवाल्या. माऊस चालतो, पेनड्राइव्ह चालतो, चित्र येत नाही. फोनच्या आत चित्र तयार होतच असतं, सेकंदाला ६० वेळा. ते बोर्डावरून डिस्प्लेच्या पट्टीत जातं आणि तिथंच संपतं. चार्जिंगच्या भोकापर्यंत त्याला रस्ताच नसतो.

यूएसबी २.० म्हणजे चित्र नाही, असा सरळ नियमही करता येत नाही. साधा आयफोन १५ घ्या. त्याचा डेटाचा वेग ४८० एमबीपीएसच, पण त्याच भोकातून फोरकेचं चित्र ६० हर्ट्झनं बाहेर येतं. उलट गूगलचा पिक्सेल ८ हा फोन महागातला, तरी २०२३ मध्ये बाजारात आला तेव्हा चित्र देत नव्हता. जून २०२४ च्या अपडेटनं द्यायला लागला. म्हणजे आत तारा होत्या, दार सॉफ्टवेअरनं लावलेलं होतं. हे वाचलं तेव्हा मला खरोखर राग आला होता. त्याआधीच्या काळात, २०११ च्या सुमाराला, जुन्या मायक्रो यूएसबीतूनसुद्धा एमएचएल नावाच्या केबलनं काही फोन टीव्हीवर चित्र दाखवायचे. सोय होती, लोकांनी वापरली, आणि ती गुपचूप काढून घेतली गेली.

आमच्या धंद्यातल्या लोकांबद्दलही बोलायला हवं. बाजारात सी टाइप टू एचडीएमआय केबल सर्रास विकतात, आणि फोन कुठला हे कोणी विचारत नाही. ‘सगळ्याला चालतंय’ म्हणून देतात. गिऱ्हाईक घरी जाऊन टीव्हीला लावतं, काही येत नाही, मग त्याला वाटतं फोनच बिघडलाय, आणि तो माझ्याकडं येतो. हबवर ‘फोरके’ छापलेलं असतं, पण त्यातले बरेच फोरकेला ३० हर्ट्झच देतात. तेही फोनला जमलं तर. विकणाऱ्यानं एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

तर काकांचा फोन. त्यांना पॅटर्न नव्हता, चार आकडी पिन होता, ही जमेची बाजू. माऊस काढला आणि कीबोर्ड लावला. स्क्रीन दिसत नसली तरी पिन आंधळेपणानं टाइप करता येतो. स्पेस दाबलं, पिन टाकला, एंटर. ‘टक्’ असा लॉक उघडल्याचा आवाज आला. काकांचा चेहरा खुलला.

मग कीबोर्ड काढून केबल लॅपटॉपला लावली. लॅपटॉपनं फोन ओळखला, स्क्रीनवर मॉडेलचं नाव आलं. फोल्डर उघडलं. रिकामं.

अँड्रॉइड फोन लॅपटॉपला जोडला की तो नुसतं चार्जिंग धरतो. फायली द्यायच्या का, हे तो स्वतःच्या स्क्रीनवर विचारतो. लॉक उघडं होतं, केबल चांगली होती, फोटो आत होते, आणि ‘फाइल ट्रान्सफर’वर एक बोट टेकवायचं बाकी होतं. पण ते टेकवायचं होतं काळ्या काचेवर. कीबोर्ड लावावा तर लॅपटॉप निघतो, लॅपटॉप लावावा तर कीबोर्ड निघतो. भोक एकच.

एससीआरसीपीवाय नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, २०१८ पासूनचं. ते यूएसबी २.० वरूनसुद्धा फोनची स्क्रीन लॅपटॉपवर दाखवतं, कारण ते कच्चं चित्र मागत नाही. फोनकडूनच व्हिडिओ दाबून घेतं आणि तो साध्या डेटासारखा ओढतं. चांगल्या कारागिराकडं ते असतंच. पण त्यासाठी यूएसबी डीबगिंग नावाची फोनमधली सेटिंग आधीच चालू असावी लागते, आणि पहिल्यांदा जोडताना फोनच्या स्क्रीनवर ‘या कॉम्प्युटरला परवानगी द्या’ असं मान्य करावं लागतं. पुन्हा तीच काळी काच.

असं असणं बरोबरच आहे, हे मला कळतं. चोरानं केबल लावून फोटो काढू नयेत म्हणून ही व्यवस्था आहे. पण माणूस समोर बसलाय, फोन त्याचा, पिन त्याच्या तोंडात, लॉकसुद्धा उघडलेलं. तरी त्याला आपल्याच फवारणीची तारीख बघता येत नाही. आणि शेजारच्या मुलाची अडचण त्याच बाकावर दोन मिनिटांत सुटलेली.

उरला एकच उपाय, त्याच मॉडेलचा डिस्प्ले. वाकलेल्या फ्रेममध्ये नवा बसणार नव्हता, आणि एका संध्याकाळपुरता विकत आणायला काकांना सांगणं मला पटत नव्हतं. मिरजेतल्या एका कारागिराला फोन केला. आम्ही एकमेकांचे गिऱ्हाईक पळवतो, हे दोघांनाही माहीत आहे. तरी बोर्ड मेलेला तसलाच एक सेट त्याच्याकडं होता, आणि ‘डेटासाठी हवाय’ म्हटल्यावर त्यानं पैशाचं विचारलं नाही. पोरगं पाठवून दिलं. दुरुस्तीवाल्यांना नावं ठेवणाऱ्यांनी अशा गोष्टीही लक्षात ठेवाव्यात.

टेस्टिंगला डिस्प्ले लावणं हे नाजूक काम आहे. त्या मेलेल्या सेटचा फोल्डर गरम करून सोडवला. गडबड केली तर कोपऱ्यातून काळी शाई पसरते आणि तोही जातो. काकांच्या फोनची बॅटरी सोडवली, कनेक्टर ब्रशनं साफ केला. चाकाखाली दबल्यामुळं कनेक्टरची एक कड आत गेली होती, ती सुईनं सरळ केली, मायक्रोस्कोपखाली, श्वास धरून. मग डिस्प्ले बाकावर उताणा, बोर्ड शेजारी, मध्ये बोटभर पट्टी. बॅटरी जोडली. कंपनीचं चिन्ह आलं. काकांनी स्वतः पिन टाकला. फाइल ट्रान्सफर. फोल्डर भरलं.

फोटो उतरत असताना मी बघत होतो. बाटली हातात धरलेली, लेबलवर सल्फरची पिवळी पूड, कडेला काकांचा अंगठा. पुढचा फोटो वहीच्या पानाचा. ‘भुरी’ हे रोगाचं नाव, औषधाचं नाव, लिटरला किती, तारीख. मग पुन्हा बाटली. मध्येच नातीच्या वाढदिवसाचे फोटो आले, ते काकांनी हातानंच पुढं ढकलायला सांगितले. त्यांना शेवटच्या फवारणीची तारीख हवी होती. ती सापडल्यावर बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाले, “बसतंय.” सगळे फोटो पेनड्राइव्हवर दिले, तारखांच्या पानांची प्रिंट शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून दिली.

निघताना त्यांनी विचारलं, “नवीन फोन घ्यायचा झाला तर त्या पोराच्यासारखं टीव्हीवर दिसणारा कुठला? आणि खोक्यावर कुठं लिवलेलं असतंय?”

खोक्यावर नसतं. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोठ्या अक्षरात असतात, बॅटरी असते, रिफ्रेश रेट असतो. चित्र बाहेर येतं की नाही, ते बहुतेक खोक्यांवर नसतं. ज्याचा फोन एकच, लॅपटॉप नाही, बॅकअपला पैसे नाहीत, त्यालाच ही वाट सगळ्यात जास्त लागते, आणि त्याच्याच किमतीच्या फोनमधून ती काढून टाकलेली असते. या हिशेबात वाचतात किती रुपये, असा प्रश्न मला अजून पडतो.

मी त्यांना हब दिला आणि सांगितलं, दुकानात विकत घ्यायच्या आधी लावून बघा. दोन दिवसांनी शोरूममधून त्यांचा फोन आला. बिल झाल्याशिवाय सीलबंद खोकं उघडत नाहीत म्हणे. मग डेमोच्या फोनला लावा म्हटलं. तर डेमोच्या फोनच्या भोकात चोरीच्या अलार्मची वायर घट्ट बसवलेली, ती काढायची नाही. सेल्समनशी मीच बोललो. त्याला प्रश्नच कळला नाही. “सर, टीव्हीवर वायफायनं दिसतंय की,” म्हणाला. डिस्प्ले फुटल्यावर वायफायनं दाखवायचं बटण कोण दाबणार, हे मी त्याला सांगितलं. त्यानं ‘बरोबर आहे सर’ म्हणून फोन काकांकडं दिला.

त्या दिवसापासून मी काउंटरला एक वही ठेवली आहे. दुरुस्तीला येणारा प्रत्येक सी टाइप फोन देण्याआधी गिऱ्हाईकासमोर हबला लावतो आणि मॉडेल, चित्र आलं की नाही, आलं तर किती पिक्सेलचं, ते लिहितो. काकांनी शेवटी नवा फोन घेतलाच नाही. वहीत ‘येतं’ लिहिलेल्या एका मॉडेलचा वापरलेला सेट त्यांच्या बजेटमध्ये मिळाला. पैसे द्यायच्या आधी तो त्यांनी माझ्या मॉनिटरला स्वतःच्या हातानं लावून बघितला.