तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री उशिरा जेवलं की शुगर होते का?

आहाराचा सल्ला द्यायचं काम करते त्यामुळे हा प्रश्न माझ्या पाचवीलाच पुजलाय. रिपोर्टमध्ये एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ५.७ टक्क्यांच्या वर गेलं की पहिला प्रश्न "गोड बंद करू का" आणि त्याच दमात दुसरा, "आमचं जेवण रात्री साडेदहाला होतं, त्यानेच झालं का हे?"

त्यानेच, असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर थोडं सांभाळून ऐका. घरात कोणाला आहे, पोटाचा घेर किती, झोप किती, दिवसभर बसून असता का, वय काय, हे सगळं मोजावं लागतं, एकट्या जेवणाच्या वेळेवर खापर फोडून चालत नाही. पण "कधीही खा, कॅलरी सारख्याच" म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही, कारण तेच ताट संध्याकाळी आणि तेच ताट झोपायच्या तोंडावर, यात रक्तातली साखर वेगळी वागते.

होतं काय की अंधार पडला आणि झोपेची वेळ जवळ आली की मेंदूतून मेलाटोनिन सुटायला लागतं. ते झोपेचं हार्मोन म्हणून सगळ्यांना माहितीये, पण रक्तातली साखर खाली आणणारं इन्सुलिन बनवणाऱ्या पॅनक्रिआसच्या (स्वादुपिंडाच्या) बीटा पेशींवरही त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या जागा, असतात आणि तिथे ते इन्सुलिनचा हात आखडता घ्यायला लावतं. रात्रभर उपाशीच राहायचंय तर हे बरोबरच आहे म्हणा. फक्त पॅनक्रिआसने शटर अर्धं खाली ओढलेलं असताना आपण भरलेलं ताट घेऊन पोचतो.

स्पेनमध्ये ८४५ जणांवर हे तपासलं, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. एकदा झोपायच्या चार तास आधी आणि एकदा फक्त एक तास आधी, दोन्ही वेळेला तेच ग्लुकोजचं पाणी पाजलं. उशिराच्या वेळी मेलाटोनिन साडेतीन पट, इन्सुलिन कमी आणि साखर जास्त. त्यातही एमटीएनआरवनबी नावाच्या जीनचा एक ठराविक प्रकार ज्यांच्यात होता त्यांना फटका जास्त, म्हणजे "माझा मित्र रोज अकराला जेवतो, त्याला काही होत नाही" याचं उत्तर थोडंफार इथेही असू शकतं. दुसरा प्रयोग अमेरिकेतला, जॉन्स हॉपकिन्सचा, २०२० चा. २० धडधाकट माणसं, झोप ११ वाजता, जेवण एकदा ६ ला आणि एकदा १० ला. १० च्या जेवणानंतर साखरेची उंची साधारण १८ टक्क्यांनी वर गेली आणि रात्रीत चरबी कमी जळली. आता हे सगळं एकेका रात्रीचं मोजमाप आहे, यावरून डायबिटीस झालाच असं सिद्ध होत नाही, पण हेच वर्षानुवर्षं रोज चाललं तर वाटा असणार असं मला वाटतं.

दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावलेल्या कोणाचा ग्राफ मिळाला तर नक्की बघा. संध्याकाळी लवकर जेवलेल्या दिवशी उंचवटा येतो आणि झोपेपर्यंत रेष बऱ्याचदा खाली बसलेली असते. अकराला जेवून साडेअकराला आडवं झालं की तोच उंचवटा कधीकधी दोन-अडीचपर्यंत रेंगाळतो, कारण जेवणानंतर जरा उठबस केली की स्नायू साखर ओढून घेतात, आणि इथे तर माणूस घोरतोय.

म्हणून मी "सातच्या आत जेवा" असं सरसकट सांगत नाही. झोपता किती वाजता ते सांगा, त्याच्या आधी दोन-तीन तास सोडा, बस. एकला झोपणाऱ्याने साडेनऊला जेवलं तर मी भांडणार नाही. घरी यायलाच दहा वाजत असतील तर पोटभरीचं खाणं संध्याकाळी कामावरच उरकायचं आणि घरी थोडंसंच घ्यायचं, त्यातही पिठूळ आणि गोड कमी. दिवसभर अर्धपोटी राहून रात्री वचपा काढणं हे सगळ्यात वाईट, आणि त्याहून चोरटं म्हणजे जेवण झाल्यावर मोबाईल बघत बघत डबे उघडणं, जे "रात्री काय खाता" विचारल्यावर कोणीच सांगत नाही!

नाइट शिफ्टवाले म्हणतील आम्ही तर जागेच असतो. जागे असता हो, पण शरीराचं आतलं घड्याळ काही लगेच फिरत नाही, त्यामुळे मोठं जेवण शिफ्टला जायच्या आधी करा आणि मध्यरात्रीनंतर जमेल तेवढं कमी खा.

आणि ज्यांना आधीच इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हे वाचून आज रात्रीचं जेवण उडवू नका. डोस घेतला आणि पोटात काही नाही, तर साखर झोपेत घसरू शकते. जेवणाची वेळ बदलायचीये तर डॉक्टरांना आधी विचारा, सोबत डोसची वेळही बदलावी लागू शकते.