टोपलीतली चकली कोणी पळवली?

दिवाळीच्या तोंडावर सदाशिव पेठेतल्या एका फराळवाल्या काकूंचा फोन आला. "अरे, गिऱ्हाइकं विचारतायत, वेबसाइटवरच्या टोपलीतली चकली कुठे गेली? काय सांगू, उंदरांनी नेली?"

साइट दुसऱ्या कुणी केलेली, आमच्याकडे नुकतीच देखभालीला आली होती. दर वेळी डेटाबेसला त्रास नको म्हणून पदार्थांची पानं रेडिस या साठवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे थेट रॅममध्ये ठेवलेली. इथवर उत्तम. पण लॉगिनची सेशन्स आणि टोपल्याही तिथेच. मर्यादा २५६ एमबी, धोरण ऑलकीज-एलआरयू: जागा संपली, तर बराच वेळ हात न लागलेली 'की' (साठवलेल्या गोष्टीचं नाव, आणि त्यासोबत ती गोष्टही) बाहेर.

माझ्या लॅपटॉपवर अर्थातच सगळं सुरळीत. सर्व्हरवर इन्फो कमांड मारली, तर मेमरी काठोकाठ आणि इव्हिक्टेड-कीजचा, म्हणजे बाहेर काढलेल्या कीजचा आकडा दर वेळी वाढलेला. बेसन लाडवाचं पान सतत कुणीतरी उघडतंय, म्हणून ते ताजं. आणि टोपली भरून "थांबा, सासूबाईंना विचारते अनारसे किती घेऊ" म्हणत जी बाई अर्धा तास फोनवर गेली, तिची टोपली शिळी! त्यात रेडिस सगळ्या की तपासत नाही, एरवी पाचेक नमुने उचलून त्यातली जुनी काढतो. म्हणून एकीची टोपली जायची, दुसरीची राहायची.

मेमरी भरत होती फेसबुकच्या जाहिरातीमुळे. तिथून येणाऱ्या लिंकच्या शेपटाला एफबीक्लिड चिकटतो, क्लिकागणिक वेगळा. पूर्ण यूआरएल हीच की असल्यामुळे तेच लाडू शेकडो वेळा साठवलेले.

सहकारी म्हणाला, "टोपल्या त्याच रेडिसच्या डेटाबेस क्रमांक एकमध्ये हलवू." उपयोग नाही, मर्यादा अख्ख्या इन्स्टन्सला, म्हणजे चालू असलेल्या त्या एका रेडिसला असते. फक्त मुदत लावलेल्या कीज काढणारं व्होलाटाइल-एलआरयूही बाद, कारण मुदत पानं आणि टोपल्या दोन्हींना लावलेली.

शेवटी दोन रेडिस केले. पोर्ट ६३७९ वर पानं, धोरण तेच, की बनवताना एफबीक्लिड कापून. ६३८० वर सेशन्स आणि टोपल्या, नोइव्हिक्शन (काहीच बाहेर काढायचं नाही), शिवाय रीस्टार्टमध्ये जाऊ नयेत म्हणून एओएफ, म्हणजे प्रत्येक बदलाची डिस्कवरची नोंद, चालू. नोइव्हिक्शनमध्ये जागा संपली तर नवं लिहिणंच नाकारलं जातं, त्यामुळे त्यावर अलार्म लावला. संध्याकाळी ६३८० वर इव्हिक्टेड-कीज शून्य.

काकूंना कळवलं. म्हणाल्या, "बरं झालं. पण दुसऱ्याचे वेगळे पैसे नाहीत ना रे?"