बंड्यासोबत स्मोकी माउंटन्स: ओकोनालुफ्टी रिव्हर ट्रेल

अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कला कुत्रा नेऊ नका असं बरेच जण सांगतात, आणि त्यात तथ्य आहेच, कारण ८०० मैलांहून जास्त ट्रेल्स असलेल्या या पार्कात पाळीव कुत्र्यांना परवानगी फक्त दोनच ट्रेल्सवर, गॅटलिनबर्ग ट्रेल आणि ओकोनालुफ्टी रिव्हर ट्रेल. पण मी म्हणेन जरूर न्या, फक्त ओकोनालुफ्टीला न्या.

हा ट्रेल नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला, व्हिजिटर सेंटरपाशीच सुरू होतो. सेंटरच्या आत कुत्रा चालत नाही म्हणून आम्ही नवरा-बायको आळीपाळीने आत गेलो. मी आत असताना काउंटरवरच्या रेंजरबाईंना विचारलं की बाकीचे ट्रेल्स बंद का, तर त्या म्हणाल्या की कुत्रा निघून गेला तरी त्याचा वास मागे राहतो आणि जंगलातल्या लहान प्राण्यांना तो शिकाऱ्याचा वास वाटतो, ते ती जागाच टाळायला लागतात, शिवाय रोग इकडून तिकडे जायची भीती असतेच. मला हे शंभर टक्के पटलं.

बाहेर आलो तर आमचा कुत्रा बंड्या नाक वर करून उभा, नाकपुड्या नुसत्या थरथरतायत, कान पुढे, आणि शेपूट एकदम स्थिर. समोरच्या मोठ्या शेतात लांबवर एल्कचा कळप चरत होता! आपल्या सांबरापेक्षाही थोराड जनावर. शिकारीमुळे आणि जंगलं गेल्यामुळे इथून पार नाहीसे झालेले हे एल्क २००१ मध्ये पार्कात परत आणून सोडले, आणि आज ते असे रस्त्यावरून दिसतात, हे बघून खरंच भरून आलं. त्यांच्यापासून किमान ५० यार्ड लांब राहायचं आणि कुत्र्याचा पट्टा ६ फुटांपेक्षा लांब नको, हे दोन्ही नियम अगदी कडक पाळा, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तेव्हा त्यांचा माजाचा काळ असतो आणि नर भयंकर आक्रमक होतात.

ट्रेल एका बाजूने दीड मैल, जवळजवळ सपाट, नदीच्या काठाकाठाने चेरोकी गावाकडे जातो. मध्ये ब्लू रिज पार्कवे या रस्त्याच्या पुलाखालून जावं लागतं. वाटेत चेरोकी लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, श्रद्धांबद्दल पाट्या आहेत, इंग्रजी आणि चेरोकी दोन्ही लिप्यांत, त्या घाईने ओलांडू नका, या डोंगरांकडे ते लोक कसे बघतात ते त्यातून कळतं आणि मग नदीकडे बघायची नजरच बदलते. बंड्या मात्र प्रत्येक झाडाच्या मुळाशी थांबत होता, आम्हीही थांबलो, घाई कसली.

जाणाऱ्यांसाठी: पार्कला एंट्री फी नाही, पण १५ मिनिटांपेक्षा जास्त गाडी लावायची तर पार्किंग टॅग लागतो, दिवसाचा ५ डॉलर. शीच्या पिशव्या घरूनच जास्तीच्या घ्या आणि वापरलेली पिशवी ट्रेलच्या कडेला ठेवू नका, सोबत परत आणा. एल्क बघायचे असतील तर भल्या सकाळी किंवा संध्याकाळी उन्हं उतरल्यावर जा.