जुन्या जिप्सीची लटकलेली दारे

जुन्या हार्डटॉप (पक्क्या छपराच्या) मारुती जिप्सीचे दार लावताना ते हाताने किंचित उचलावे लागू लागले, की गॅरेजमध्ये पहिला हात जातो तो दारामागच्या खांबावरच्या स्ट्रायकरकडे, म्हणजे दाराचे कुलूप ज्यात अडकते त्या खुंटीकडे. तो थोडा खाली सरकवला की दार पुन्हा सहज लागते, मालक खूश होतो आणि काम पाच मिनिटांत संपते. माझ्या मते हे दुखणे झाकणे झाले, कारण लटकलेल्या दाराचे मूळ कुलपाच्या बाजूला क्वचितच असते. बहुतेक वेळा ते वरच्या बिजागरीत सापडते. दाराचे वजन वरच्या बिजागरीला खांबापासून बाहेर ओढते आणि खालच्या बिजागरीला खांबावर दाबते. त्यामुळे वरची पिन (बिजागरी जिच्याभोवती फिरते ती दांडी) आणि तिचे भोक आधी झिजते. दोन बिजागऱ्यांमधले अंतर ३५ सेंमी आणि दाराची रुंदी ९० सेंमी धरली, तर वरच्या पिनेतली १ मिमीची झीज कुलपाच्या टोकाला सुमारे अडीच मिलिमीटर होऊन दिसते. एवढ्या फरकाने दार स्ट्रायकरवर आपटू लागते.

गोव्यात या दुखण्याची दोन रूपे दिसतात. मोरजी, मांद्रे अशा किनाऱ्यालगतच्या गावांत बाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या बिजागऱ्या खाऱ्या हवेने गंजून घट्ट होतात. डिचोली-सांखळीकडे, जिथे मी राहतो, तिथे खाणपट्ट्यातली तांबडी धूळ ग्रीसमध्ये मिसळते आणि लोहखनिजाचे हे बारीक कण पिन घासत राहतात. म्हणजे तिकडची बिजागरी हलत नाही आणि इकडची नको तितकी हलते. पावसाळा मात्र दोन्हीकडे सारखाच मुरतो.

पाना हातात घेण्यापूर्वी दहा मिनिटे नुसते पाहण्यात घालवावीत. दार अर्धे उघडावे, कुलपाच्या टोकाला खालून धरून वर-खाली हलवावे आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी वरच्या बिजागरीवर बोट ठेवून नेमके काय हलते ते सांगावे. पिन भोकात हलत असेल तर झीज आहे; बिजागरीचे पान (बोल्टने बसवलेली पट्टी) खांबावर सरकत असेल तर बोल्ट सैल आहेत; आणि पानासकट खांबाचा पत्राच आत-बाहेर होत असेल, तर काम टिंकरचे, म्हणजे पत्राकाम करणाऱ्याचे आहे, आपले नव्हे. अशा वेळी नुसत्या तड्यावर वेल्डिंगची रेघ ओढून घेऊ नये. तड्याच्या टोकांना बारीक छिद्रे पाडून, गंजलेला भाग कापून, तिथे भार पसरवणारी जाड पट्टी लावायला सांगावे, आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी.

घट्ट झालेल्या बिजागरीशी जोर करणे हा पत्रा फाडण्याचा खात्रीचा मार्ग आहे, कारण दार ही एक लांब तरफ आहे आणि तिच्या टोकाला दिलेला जोर पिनेने स्वीकारला नाही, तर तो खांबाच्या पातळ पत्र्यावर जातो. आधी तारेच्या ब्रशने गंज झाडावा, मग पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारे पातळ तेल) पिनेच्या दोन्ही टोकांना सोडून रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी पुन्हा सोडावे. ते हाताशी नसेल तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळूनही चालते, मात्र ते मिश्रण रंगावर सांडू देऊ नये आणि आगीच्या जवळपासही नेऊ नये. त्यानंतर दार अगदी थोड्या अंशात मागे-पुढे हलवत राहावे. तांबडा चिखल बाहेर येऊ लागला की बिजागरी सुटू लागली असे समजावे. बोल्ट अडून बसला असेल तर हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लांब दांड्याच्या पान्यापेक्षा बरा, कारण ठोक्याने गंजाची पकड सुटते आणि डोके गोल होत नाही. गॅसची ज्योत शेवटचा उपाय म्हणून ठेवावी, तीही तेल पूर्ण पुसून आणि रबर, वायरी दूर करूनच.

झिजलेली पिन बदलताना नवी पिन जुन्याच भोकात घालण्यात अर्थ नसतो, कारण भोक लंबगोल झालेले असते. ते रीमरने (भोक नेमक्या मापाने मोठे करणाऱ्या हत्याराने) गोल करून त्या नव्या मापाची पिन किंवा पितळी बुश (भोकात बसणारी नळी) लेथवर करून घ्यावा. फोंडा, म्हापशाकडे असे काम करणारे मिस्त्री अजून आहेत. स्टेनलेसचे बोल्ट लावण्याचा मोह इथे अनेकांना होतो. बाजारात सहज मिळणाऱ्या ए२-७० या स्टेनलेस प्रतीची ताकद ७०० न्यूटन प्रति चौरस मिमी असते, तर ८.८ प्रतीच्या साध्या पोलादी बोल्टची ८००. शिवाय खाऱ्या ओलाव्यात स्टेनलेसलगतचा साधा पत्रा लवकर गंजतो. मी जस्ताचा मुलामा दिलेले ८.८ प्रतीचेच बोल्ट ग्रीस लावून वापरतो.

दार बसवताना स्ट्रायकर काढूनच ठेवावा, म्हणजे दार कुठे टेकते ते खरे कळते. जॅकवर फळी आणि फळीवर जुने कापड ठेवून दाराला आधार द्यावा, जुन्या बिजागरीची कड मार्करने आखून घ्यावी आणि एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट सैल करावेत. भोके बोल्टपेक्षा थोडी मोठी असल्याने पान हवे तेवढे सरकते. चारही बाजूंची फट सारखी झाली की ८ मिमीचे बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटरने आवळावेत आणि स्ट्रायकर सर्वांत शेवटी लावावा. दाराच्या तळाची पाणी निघायची छिद्रेही तेव्हाच तारेने मोकळी करावीत; ती बुजली की आत साचलेले पाणी दार जड करते आणि तळ खाऊन टाकते.

मागच्या दाराची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण त्यावर स्टेपनीचा भार असतो. स्टेपनी उतरवल्याशिवाय त्याचे बोल्ट सैल करू नयेत. रिकामे दार बसवताना मी ते कुलपाच्या बाजूला दोनेक मिलिमीटर उंच ठेवतो, स्टेपनी चढवून फट पुन्हा पाहतो आणि गरज असेल तर पुन्हा उतरवून सरकवतो.