आधी पान सोडा

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. काम काय, असं कुणी फोनवर विचारलं की मी "शिकवते" म्हणते आणि समोरून हमखास प्रश्न येतो, ग्रंथपाल काय शिकवणार? देवघेव, कपाटं, पावत्या एवढंच डोळ्यांसमोर येतं. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखनाचा एक विषय घ्यावाच लागतो. सत्राच्या शेवटी त्यांना संदर्भांसह मोठा निबंध लिहायचा असतो. त्यासाठी प्राध्यापक आपला एक तास ग्रंथपालाला देतात. तोही 50 मिनिटांचा. आमच्या व्यवसायात याला 'वन-शॉट' म्हणतात. कॅटलॉग, डेटाबेस, पुस्तक शेल्फवर कसं शोधायचं, संदर्भ कसा लिहायचा, हे सगळं त्यात बसवायचं. पूर्वी मी बसवायचेही. आता त्यातली 30 मिनिटं मी एकाच गोष्टीला देते.

मुलांना दोन संकेतस्थळं दाखवते. एक 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिऍट्रिक्स'चं, दुसरं 'अमेरिकन कॉलेज ऑफ पीडिऍट्रिशियन्स'चं. दोन्हींवर लहान मुलांच्या आरोग्याबद्दलचे लेख, खाली संदर्भांची यादी, नीटनेटकी मांडणी. कुणाचं म्हणणं जास्त भरवशाचं, ते पाच मिनिटांत सांगा, एवढाच प्रश्न. वर्ग शांत होतो. प्रत्येकजण पान वर-खाली करत मन लावून वाचत राहतो. शेवटी हात वर करायला सांगितलं की मतं विभागलेली असतात, आणि कारणं ऐकली तर ती सगळी पानावरचीच. इथे संदर्भ जास्त आहेत, इथली भाषा सोपी आहे, इथे जाहिराती नाहीत.

मग मी त्यांना नवीन टॅब उघडायला लावते आणि संस्थेचं फक्त नाव शोधायला सांगते. मिनिटभरात चित्र पालटतं. पहिली संस्था 1930 साली स्थापन झालेली, 60 हजारांहून जास्त बालरोगतज्ज्ञ सदस्य असलेली. दुसरी 2002 साली तिच्यातूनच फुटून निघालेला एक छोटा गट. समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याला पहिल्या संस्थेने पाठिंबा दिला, तो या गटाला मान्य नव्हता. तुम्हाला त्यांची भूमिका पटो वा न पटो, ती ठाऊक असल्याशिवाय त्यांचा लेख वाचणं म्हणजे अर्धंच वाचणं. आणि ही माहिती त्या पानावर कितीही वेळ बसून मिळत नाही.

हा प्रयोग माझा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातली ही जोडी आहे. त्यांनी 45 जणांना असं काम दिलं होतं. 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक फॅक्ट-चेकर (माहिती खरी की खोटी हे तपासणं हेच ज्यांचं काम) आणि 25 विद्यार्थी. इतिहासकार म्हणजे जुनी कागदपत्रं तपासण्यात हयात घालवलेली माणसं, पण पडद्यावर त्यांच्यातलेही बरेच फसले, कारण तेही ते पानच बारकाईने वाचत बसले. फॅक्ट-चेकर काही क्षणांतच पान सोडून बाहेर पडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात, ते आधी पाहून आले. याला 'लॅटरल रीडिंग' म्हणतात. आडवं वाचन म्हणा हवं तर. त्यांना वेळही कमी लागला आणि उत्तरंही जास्त बरोबर आली.

हे वाचलं तेव्हा मला रंगनाथनांची आठवण झाली. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. इथल्या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमातही ते मला पुन्हा भेटले आणि वर्गात त्यांचं नाव निघालं तेव्हा ऊर भरून आला होता. वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देणारी मुक्तद्वार पद्धत, नीट वर्गीकरण, चांगला कॅटलॉग हे सगळं वाचकाचा वेळ वाचवण्यासाठीच. पण न वाचण्याजोगं पान वेळीच बंद करता येणं हाही वेळ वाचवण्याचाच भाग आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

उलट मी मुलांचा वेळ घालवत होते, हे सांगायलाच हवं. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, चिको इथल्या ग्रंथपालांनी 2004 मध्ये एक तपासणी-यादी तयार केली होती. माहिती ताजी आहे का, विषयाला धरून आहे का, लिहिणारा अधिकारी आहे का, मजकूर अचूक आहे का, हेतू काय आहे, असे पाच निकष. लक्षात ठेवायला सोपी, म्हणून ती सगळीकडे पसरली. मीही वर्षानुवर्षं तिच्या प्रती वाटल्या. एकदा एका मुलीने ती अतिशय काळजीपूर्वक भरून आणली. पाचही निकषांवर तिचं संकेतस्थळ उत्तीर्ण झालं होतं. ते एका उद्योगाच्या पैशावर चालणारं प्रचाराचं पान होतं. 'आमच्याविषयी' या विभागात जे लिहिलं होतं, त्यावर तिने विश्वास ठेवला, कारण माझ्या यादीने तिला तिथेच पाहायला सांगितलं होतं. त्या दिवसानंतर मी ती यादी वाटलेली नाही.

उरलेल्या 20 मिनिटांत शब्द. मुलं शोधखिडकीत अख्खा प्रश्न टाकतात आणि काही मिळत नाही म्हणून हिरमुसतात. सोशल मीडिया आणि टीनएजरची झोप हा विषय दर सत्रात कुणीतरी घेतंच. पण डॉक्टर सहसा टीनएजर लिहीत नाहीत, 'अडोलसन्ट' लिहितात. पबमेडसारख्या वैद्यकीय डेटाबेसमध्ये त्या वयाचे लेख त्याच शब्दाखाली लावलेले असतात. तज्ज्ञांचा शब्द टाकला की जास्त नेमके लेख हाती येतात. मी मुलांना सांगते, आधी तज्ज्ञ लोक आपापसात या गोष्टीला काय म्हणतात ते ऐका. त्यासाठी विकिपीडिया खुशाल उघडा, तिथले शब्द उचला, तळटीपा पाहा. विकिपीडियाचं नाव काढल्यावर मी रागवत नाही असं पाहून काही मुलं चकित होतात.

गेल्या दोन-तीन वर्षांत कामात एक नवी भर पडली आहे. मुलं संदर्भ घेऊन टेबलाशी येतात आणि म्हणतात, हा लेख सापडत नाही. लेखकाचं नाव ओळखीचं, नियतकालिक खरं, खंड आणि पृष्ठांक अगदी बरोबर वाटणारे. मी त्या वर्षाचा तो खंड उघडते, तर त्या पानांवर भलताच लेख. चॅटबॉटने संदर्भ रचलेला असतो. मोठी माणसंही यात अडकली आहेत. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले खटले न्यायालयापुढे ठेवले आणि 5,000 डॉलर दंड ओढवून घेतला. म्हणून मी मुलांना ओरडत नाही. त्यांना तो खंड माझ्या शेजारी बसवून उघडायला लावते. ते पान डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सांगावं लागत नाही.

मागच्या सत्रात असाच एक मुलगा आला. पाच संदर्भांपैकी तीन अस्तित्वातच नव्हते. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग हे लिहिलंय कुणी?" तास घेऊन जे साधत नाही ते या प्रश्नाने साधलं होतं. कुणीच लिहिलेलं नाही, हे मी त्याला सांगितलं.

दोन आठवड्यांनी तो पुन्हा आला. या वेळी हातात एकच लेख होता, त्याने स्वतः शोधलेला आणि छापून आणलेला. समासात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. चेहरा मात्र पडलेला. "यात माझ्या मुद्द्याच्या बरोबर उलट लिहिलंय," तो म्हणाला. "हा सोडून दुसरा शोधू का?"

मी म्हटलं, नको, हाच आधी नीट वाचू. खुर्ची ओढून तो बसला आणि आम्ही शेवटच्या पानावरची संदर्भसूची काढली. त्या लेखकांनी कुणाचं वाचून हे लिहिलं, ते पाहायला.