वाकवून नव्हे, पिळून

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीतून हेडसेट परत आले. तक्रार एकच, माईक खाली झुकतोय. ओतकामाच्या शेडमध्ये ही किरकोळ गोष्ट नव्हे. खालून ओरडलेलं "थांब" क्रेनवाल्याला ऐकू गेलं नाही, तर लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचं भांडं, पुढे सरकतं. माईक ओठांपासून 2 सेंटिमीटरवरून 4 वर गेला की बोलण्याचा आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. भट्टीचा गोंगाट आहे तेवढाच राहतो.

गोकुळ शिरगावात आम्ही हे हेडसेट जोडतो. बूमची, म्हणजे माईक तोंडापुढे धरणाऱ्या दांडीची, लवचिक नळी बाहेरून येते. नळी तयार करणाऱ्याचं म्हणणं, माल ड्रॉईंगप्रमाणेच आहे. मी हिशोब मांडला. फोमसकट माईक 10 ग्रॅम, लांबी 15 सेंटिमीटर, म्हणजे नळीच्या मुळाशी तिला वाकवणारा भार 150 ग्रॅम-सेंटिमीटर. नळी स्वतः 12 ग्रॅमची, तिचं वजन मधोमध धरून आणखी 90. एकूण 240. नव्या नळीला याच्या दुप्पट भार दिला तरी ती जागची हलली नाही. परत आलेली मात्र नुसत्या माईकनेच मान टाकत होती.

दोन्ही तुकडे घेऊन उद्यमनगरात स्प्रिंग वळणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी वरची काळी स्लीव्ह ब्लेडने चिरून काढली. आत गोल तारेची कॉईल, आणि तिच्या वेढ्यांमधल्या खाचेत घट्ट बसवलेली तीनकोनी तार. या दोन तारांच्या घर्षणावरच नळी ठेवाल तिथे राहते. मिस्त्रींनी नवा तुकडा दोन्ही टोकांना धरून पिळला. एका बाजूला तो आवळला. उलट बाजूला पिळताच वेढे फुगले आणि तीनकोनी तार खाचेतून वर आली.

"वाकवून न्हाई सैल झाली साहेब, पिळून झालीया."

परत येऊन सगळे पीस टेबलावर मांडले. सैल झालेले जवळजवळ सगळे उजव्या बाजूला माईक ठेवणाऱ्यांचे होते! माईकचं तोंड ओठांकडे वळवायला माणूस टोक धरून फिरवतो. डावीकडे ते फिरवणं वेढे आवळतं, उजवीकडे उकलतं. नळी जाड करून हे सुटलं नसतं. उलट बूम जड झाला असता आणि दिवसभर कानावर ओझं वाढलं असतं.

म्हणून माईकच्या टोकाशीच छोटा फिरता सांधा दिला, नळीला पीळ बसण्याआधी फिरेल इतका हलका. ड्रॉईंगवर व्यास आणि लांबीच्या जोडीला मुळाशी पेलायचा भार, कमीत कमी वाकवण्याची त्रिज्या आणि कॉईलच्या वळणाची दिशा आली. स्लीव्ह मी काढू दिली नाही. उघड्या वेढ्यांत दाढीचे केस अडकतात. नळीवाल्याने भाराचा आकडा मान्य केलाय, दिशेबद्दल मात्र त्याच्याशी अजून बोलणं चालू आहे.